चालींचं कपाट

मी माणसं चालवते. म्हणजे खोटी माणसं, पडद्यावरची. अ‍ॅनिमेशनमध्ये कुणी चित्रं काढतं, कुणी रंग भरतं, कुणी चेहऱ्यावर हसू-रडू आणतं. माझ्या वाट्याला पाय. खोटं बोलून घरी आलेला नवरा कसा चालतो, मूल शाळेत जाताना कसं चालतं आणि शाळा सुटल्यावर कसं, हे मला विचारा. रस्त्यानं जाताना मी लोकांच्या तोंडाकडे बघतच नाही, त्यामुळे ओळखीची माणसं मला आखडू समजतात. समजोत बापडी.

स्टुडिओ माझ्या थोरल्या भावाचा. तिथे सगळे त्याला साहेब म्हणतात, मी दादा म्हणते आणि माझी मुलगी मामा म्हणते. तिला घरीदारी भिंगरी म्हणतात, ते नावही त्यानंच ठेवलेलं. जन्मापासून तिचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आणि हडकुळा आहे. पण एका जागी बसेल तर शपथ! दोन वर्षांची असताना ती स्वयंपाकघरातून निघायची, जिन्यात सापडायची आणि उचलून आणेपर्यंत शेजाऱ्यांच्या पलंगाखाली असायची. दादा म्हणाला, ‘‘हिच्या पायाला भिंगरी आहे.’’ त्या पायाबद्दल तोवर नातेवाइकांनी उसाशांखेरीज काही काढलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी दादाचे पुढचे कितीतरी अपराध पोटात घातले.

भिंगरीची चाल अशी. डावा पाय ती कमरेतून बाहेर फेकते, अर्धगोल काढून पुढे आणते, त्यात बुटाची कड जमिनीला घासते आणि मग उजवा पाय पडतो. टप, सर्र. टप, सर्र. उजवा खांदा जरासा खाली जातो आणि डावा हात बाजूला उघडतो, पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणावं तसा. आणि स्वारी खूश असली की मध्येच उजव्या पायावर एक छोटी उडी. ही उडी तिला कुठल्या डॉक्टरनं शिकवलेली नाही. ती तिची स्वतःची.

ती आठ वर्षांची असताना एका सुट्टीच्या दुपारी आम्ही तिघं जेवताना टीव्हीवर मुलांचा एक रहस्यपट बघत होतो. तिचे बाबा कामानिमित्त दूर असतात, त्यामुळे सुट्टीचा तिसरा माणूस म्हणजे मामाच. पडद्यावर काठी टेकत एक म्हातारा आला आणि भिंगरीनं ताटातून मान वर न करता सांगितलं, ‘‘हा चोर.’’

‘‘कशावरून?’’ दादानं विचारलं.

‘‘लंगडतोय ना. लंगडणारा नेहमी चोरच असतो. मामा, असं का रे?’’

तो म्हातारा खरोखरच चोर निघाला. दादाचा घास हातातच राहिला. तो परत ताटात ठेवून तो म्हणाला, ‘‘आपण एक सिनेमा करू. त्यात लंगडणारी मुलगी चोर पकडेल.’’

‘‘नक्की?’’

‘‘शब्द देतो.’’

‘‘बदलायचा नाही हं.’’

‘‘मामाचा शब्द आहे, भिंगरे. बदलला तर माझं नाव बदल.’’

आणि त्यानं खरंच मनावर घेतलं. गोष्ट अशी ठरली: एका उंच जुन्या इमारतीत देशोदेशीची भाडेकरू कुटुंबं राहतात, रोज कुणाचं तरी घड्याळ नाहीसं होतं आणि लाल टोपी घालणारी एक मुलगी आपल्या आईबाबांना आणि आजीला कामाला लावून चोर शोधते. लाल टोपीची चाल भिंगरीची असणार होती. गोष्टीत त्याचा कुणी उल्लेखही करणार नव्हतं. ती फक्त तशी चालणार आणि सगळ्यांच्या आधी पोचणार, बस्स.

चाल टिपायला आम्ही तिला स्टुडिओच्या लांब बोळात आणलं. गुडघ्यावर, घोट्यावर, कमरेवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. दादा स्वतः कॅमेरा घेऊन फरशीवर पालथा पडला होता, नवी विजार मळवून. भिंगरी हुकूम सोडत होती. ‘‘मामा, आता रागातली चालते. आता चोराच्या मागची. आता कुणी बघत नसतानाची.’’ कुणी बघत नसतानाची चाल ती दहा जणांसमोर चालून दाखवत होती. आमच्या संकलक बाईंना हसू आवरेना.

मग मी बसले. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तशी बसले. साधी चाल म्हणजे दोन पावलांचं गणित, ते एकदा जमलं की फिरवत राहायचं. हिच्या चालीत दर पाऊल वेगळं. वजन कुठे पडतं, हात किती उघडतो, उडीआधी ओठ कसे आवळले जातात, सगळं एकेक चित्र करत मी उतरवलं. इतका जीव मी आयुष्यात कशात ओतला नव्हता. पूर्ण झालं तेव्हा कॉम्प्युटरवरचा रंगहीन बाहुला पडद्यावर चालला आणि मागून भिंगरी ओरडली, ‘‘अय्या, मी!’’ तोंड नव्हतं, केस नव्हते, टोपीसुद्धा नव्हती. तरी ती तीच होती.

ती चाल कपाटात गेली. आमच्याकडे कॉम्प्युटरवर सगळ्यांची सामाईक साठवण आहे, तिला आम्ही चालींचं कपाट म्हणतो. एकदा केलेली चाल तिथे ठेवायची. पुढे ज्याला हवी त्यानं काढून हव्या त्या पात्राला लावायची, खुंटीवरचा कोट काढून घालावा तशी. आजीची चाल हत्तीला लावा, हत्तीची पोलिसाला. भिंगरीला ही कल्पना भारी आवडली होती. ‘‘म्हणजे माझी चाल मामाला पण लावता येईल?’’ म्हणून तिनं आम्हाला ते करायला लावलं आणि मामाच्या बाहुल्याला आपल्यासारखं चालताना बघून ती हसून हसून लोळली.

त्यानंतर मला जाहिरातींच्या खोलीत बसवलं. नाचणारे दातांचे ब्रश. दादा म्हणाला, ‘‘तुझं काम झालंय, आता पोटापाण्याचं बघ.’’ मला वावगं वाटलं नाही. शिवाय रहस्यपट. चोर कोण हे बाहेर फुटू नये म्हणून ज्यानं त्यानं आपापला तुकडाच करायचा, शेवट फक्त दादाला, संकलक बाईंना आणि पैसे घालणाऱ्या मंडळींना ठाऊक, असा नियमच होता. त्यात भिंगरीनं मला शपथ घातली होती. ‘‘आई, तू चोर कोण ते विचारायचं नाहीस. तुझ्या पोटात काही राहत नाही. आपण दोघी एकदमच बघायचं.’’ संकलनाच्या खोलीचं दार उघडं दिसलं तरी मी मान वळवून जायची. चोर कळेल म्हणून!

दादाचं सुट्टीचं जेवायला येणं बंद झालं. काम वाढलंय म्हणाला. बदल्यात भिंगरीसाठी नवे बूट आले, मग रंगपेटी आली, मग आणखी एक रंगपेटी आली. संकलक बाई जिन्यात भेटल्या की मोबाइलमध्ये बघायला लागल्या. वर्तमानपत्रात दादाचा फोटो आला: ‘आमच्या चित्रपटात सगळ्यांना जागा आहे.’ काळी, गोरी, सावळी माणसं आहेत, दोन भाषा बोलणारी आजी आहे, चाकाच्या खुर्चीतले आजोबा आहेत, असं त्यानं अभिमानानं सांगितलं होतं. भिंगरीनं ते कापून घरच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं. ‘‘माझं नाही सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘ते रहस्य असेल.’’

तिनं वर्गात मात्र सांगून टाकलं होतं. दादानं पहिल्या खेळाला तिच्या आख्ख्या वर्गाला बोलावलं होतं, बाईंसकट. खेळ संपल्यावर मामा तिला रंगमंचावर बोलावणार, हेही ठरलेलं. आदल्या आठवड्यात ती आरशासमोर टोपी काढून वाकण्याचा सराव करत होती. टोपी लाल, हे सांगायला नको.

थिएटर गच्च भरलं होतं. आम्ही मधल्या वाटेच्या कडेला बसलो, तिला पटकन उठता यावं म्हणून. पुढच्या दोन रांगांत तिचा वर्ग. दिवे गेले. पडद्यावर ती इमारत उभी राहिली, जिना दिसला आणि जिन्यावरून लाल टोपी धावत आली.

सरळ धावत आली. एक पाय, दुसरा पाय, एक पाय, दुसरा पाय.

ती चाल मी ओळखली. कितीतरी वर्षांपूर्वी दुधाच्या एका जाहिरातीसाठी मीच केली होती. गुटगुटीत, आनंदी, कुणाचीही नसलेली चाल. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी वळून भिंगरीकडे बघायला लागल्या. भिंगरीनं त्यांना हातानं खूण केली, थांबा. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘पुढे पडणार असेल ती कुठून तरी. मग होईल तशी.’’ ती वाट बघत राहिली. लाल टोपी जिना चढली की ही खुर्चीत पुढे सरकायची. लाल टोपी गच्चीवर चढली, पाइपावरून घसरली, एकदाची भिंतीवरूनही पडली. भिंगरीनं माझा हात घट्ट धरला. लाल टोपी उठली, गुडघे झटकले आणि सरळ चालायला लागली.

मग पडदा काळोखा झाला. इमारतीचा बोळ. आणि आवाज आला.

टप, सर्र. टप, सर्र.

सगळं थिएटर चिडीचूप झालं. कुणा लहानग्यानं आईच्या कुशीत तोंड लपवल्याचं मला दिसलं. भिंतीवर आधी सावली आली: उजवा खांदा खाली गेला, डावा हात बाजूला उघडला. या, बसा. मी मनात म्हटलं, लाल टोपीच असेल, तिनंच चोराला फसवायला काहीतरी केलं असेल. सावलीमागून आला तो तळघरात घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी, वाकडं नाक आणि पिवळे दात घेऊन. त्यानं खुंटीवरचं घड्याळ उचललं, खिशात टाकलं आणि वळताना उजव्या पायावर एक छोटी उडी मारली.

सगळी मुलं हसली. भीतीतून सुटल्यावर मुलं हसतात तशी, खदाखदा.

‘‘आई,’’ भिंगरी म्हणाली, ‘‘ती उडी माझी आहे.’’

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी पाहिलं. दर वेळी तो आवाज आला की मुलं आधी गप्प व्हायची आणि मग उडीची वाट बघायची. शेवटी लाल टोपी डोळ्यांवर पट्टी बांधून बोळात बसते आणि पावलांच्या आवाजावरून चोर ओळखायला इमारतीतल्या एकेकाला समोरून जायला लावते. काळे, गोरे, सावळे सगळे गेले, खुर्चीतले आजोबासुद्धा घरंगळत गेले. सगळे निर्दोष. मग टप, सर्र. आणि थिएटरमधली मुलं एका आवाजात ओरडली, ‘‘हाच! हाच! हाच!’’ भिंगरीच्या वर्गातली मुलंही ओरडली. त्यांचा काय दोष, त्यांना तसंच शिकवलं होतं.

दिवे लागले तरी पडद्यावर नावं सरकत होती. त्यांत माझं नाव एकटं, मोठ्या अक्षरांत आलं. वर लिहिलं होतं, चोराची चाल.

भिंगरीला आता भराभर वाचता येतं. तिनं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘नाही गं राणी. शप्पथ नाही.’’

‘‘नाव आहे तुझं.’’

मी काही बोलणार तेवढ्यात दादा रंगमंचावर आला. नवा कोट, हातात माइक. आभार मानले, टाळ्या घेतल्या. मग म्हणाला, ‘‘आणि आता माझी लाडकी भाची. तिच्याशिवाय हा सिनेमा झालाच नसता. भिंगरे, ये वर!’’

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आमच्या खुर्च्यांपासून रंगमंचापर्यंत मधली वाट लाकडी होती, नुसती लाकडी. आणि दोन्ही बाजूंना ती सगळी मुलं, नुकतीच आवाज ओळखायला शिकलेली.

भिंगरी खुर्चीत खाली सरकली. टोपी काढून तिनं मांडीखाली दडपली. ‘‘आई, म्हण की ती आली नाही.’’

मी उभी राहिले. ‘‘ती आली नाहीये,’’ मी म्हणाले. आवाज इतका मोठा लागला की माइकची गरज पडली नाही. दादा क्षणभर अडखळला, मग हसून म्हणाला, ‘‘लाजतेय,’’ आणि लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.

ती उठेना. मुलं गेली, वर्गाच्या बाई तिच्या केसांवरून हात फिरवून गेल्या, झाडणारे आले. ‘‘सगळे गेल्यावर जाऊ,’’ एवढंच ती म्हणत होती. ही मुलगी कुठूनही पहिली बाहेर पडणारी. शेवटी थिएटर रिकामं झालं आणि दादा फुलांचा गुच्छ घेऊन वाटेवरून खाली आला. मी त्याला चार रांगा अलीकडेच अडवलं.

‘‘हे काय केलंस?’’

‘‘आधी ऐकून तर घे. अर्धा सिनेमा झाल्यावर आम्ही मुलांना दाखवून पाहिला. मुलं रहस्य विसरून लाल टोपीच्या पायाकडेच बघत होती. काय झालं तिला, दुखतं का, हेच विचारत होती. पैसे घालणाऱ्यांनी हात वर केले. म्हणाले, नायिका नीट चालली पाहिजे.’’

‘‘नीट!’’

‘‘त्यांचा शब्द, माझा नाही.’’

‘‘तुझा शब्द कुठला होता, आठवतोय का?’’

त्यानं गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. ‘‘मग घड्याळजीसाठी काहीतरी ऐकू येणारी चाल हवी होती. तुझी चाल कपाटात पडून होती. इतकं सुंदर काम वाया कसं घालवायचं? तुझं एकटीचं नाव टाकायला लावलं मी, भांडून. आणि शेवटी चोराला माफ करतात ना सगळे. मिठी मारतात त्याला.’’

‘‘माफ करतात?’’ मी म्हणाले. ‘‘तिनं काय चोरलं होतं रे, माफ करायला?’’

‘‘तू विषय वाढवतेस. आपल्या सिनेमात सगळे आहेत. खुर्चीतले आजोबा आहेत.’’

‘‘ते खिडकीतून दोन वाक्यं बोलतात, दादा. मला विचारलं का नाहीस?’’

‘‘विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.’’

‘‘हो.’’

‘‘मग?’’ तो म्हणाला. खरोखर प्रश्न पडल्यासारखा म्हणाला. माझा सख्खा भाऊ, फरशीवर पालथा पडून तिचा पाय टिपणारा. केसानं गळा कापला त्यानं आणि त्याला वाटत होतं की हार घातलाय. मी त्याच्या हातातला गुच्छ घेतला आणि खुर्च्यांच्या मधे फेकून दिला. दोन शिव्याही दिल्या, लहानपणी त्यानंच शिकवलेल्या. त्यानं मला बरं वाटलं असं काही नाही.

मागून भिंगरीनं हाक मारली. ‘‘आई.’’

मी वळले. ती उभी होती, खुर्चीच्या पाठीला धरून. रडत नव्हती. हिशेब मांडल्यासारखा चेहरा होता तिचा.

‘‘ती लाल टोपीची चाल. ती पण तूच केलीस ना? आधी कधीतरी?’’

‘‘हो. तू व्हायच्या आधी.’’

‘‘कपाटात आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘आणि कपाटातली चाल कुणालाही लावता येते.’’

ती हे बोलणं कुठे नेतेय ते मला कळलं.

‘‘मग ती मला लाव,’’ भिंगरी म्हणाली. ‘‘माझी त्यांनी घेतलीय ना. मला ती लाव.’’

दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. ‘‘भिंगरे, अगं बाळा...’’ तो म्हणाला. मी तिच्याकडे धावले, जवळ घेतलं, ती चाल कशी रिकामी आहे, तुझी कशी तुझीच आहे, असलं काहीबाही बोलत राहिले. ती लाकडासारखी उभी होती. माझं बोलून झाल्यावर तिनं माझे हात काढले आणि वाटेवर आली.

एका हातानं खुर्चीची पाठ धरायची, दुसऱ्या हातानं डाव्या गुडघ्याजवळ फ्रॉक मुठीत धरून पाय उचलायचा, नेमका समोर ठेवायचा, मग पुढची खुर्ची. अर्धगोल नाही, हात उघडा नाही, उडी तर नाहीच. घामानं तिची मान भिजली होती. लाकडी वाटेवर जराही आवाज होत नव्हता.

‘‘घासू दे गं,’’ मी ओरडले. ‘‘घासू दे तो पाय! कुणी नाहीये इथे.’’

‘‘मामा आहे,’’ ती म्हणाली आणि पुढची खुर्ची धरली.